सेवा कुणाची आणि कशासाठी? बहिष्कृत हितकारिणी सभेचा इतिहास आणि आजची आपली मंडळे

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतली मंडळे जागी होतात. जयंतीची मिरवणूक असतेच, पण तिच्या जोडीने रक्तदान शिबिर, आरोग्य तपासणी, वक्तृत्व स्पर्धा, अभ्यासिकेसाठी वर्गणी हेही सुरू असते. जूनमध्ये वह्यावाटप होते. अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पाणी, जेवण आणि औषधांचे स्टॉल लागतात. तिथे उभी असलेली शेकडो पोरे-पोरी दिवसरात्र राबतात. त्यांना पगार नसतो आणि कुणी त्यांचा फोटोही छापत नाही. पदरमोड करून, रजा टाकून ती हे काम करतात. हे आपल्या समाजाचे मोठे बळ आहे. या बळाची टिंगल करणाऱ्यांशी आमचा मुळातच मतभेद आहे.

पण टिंगल होते, हेही खरे. आणि ती दोन बाजूंनी होते.

एक बाजू आपल्यातल्याच काही कडव्या कार्यकर्त्यांची. ते म्हणतात, वह्या वाटून जात मोडत नाही. ही सगळी मलमपट्टी आहे. रस्त्यावर उतरायचे सोडून तुम्ही शिबिरे घेत बसता, हे चळवळीला थंड करण्याचे काम आहे.

दुसरी बाजू आपल्यातल्याच नोकरदार, स्थिरस्थावर झालेल्या मंडळींची. ते म्हणतात, आम्हाला राजकारण नको, मोर्चे नकोत, वाद नकोत. आम्ही फक्त समाजकार्य करतो. गरिबाच्या पोराला दप्तर दिले, आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन करून दिले, एवढे पुण्य पुरे.

या दोन्ही बाजू एकमेकांच्या विरोधात उभ्या दिसतात. पण दोघांचे गृहीतक एकच आहे. सेवा वेगळी आणि संघर्ष वेगळा, असे दोघेही मानतात. एक जण सेवा टाकतो, दुसरा संघर्ष टाकतो. आमचे म्हणणे असे की ही विभागणी आंबेडकरी नाही. ती बाहेरून आलेली आहे. आणि हे आमचे मत म्हणून नव्हे, तर इतिहास म्हणून सांगता येते. त्यासाठी १९२४ साली मुंबईत स्थापन झालेल्या एका संस्थेकडे नीट पाहावे लागेल.

निराश्रित की बहिष्कृत?

बाबासाहेबांच्या आधी अस्पृश्यांसाठी काम करणाऱ्या संस्था नव्हत्या असे नाही. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले. त्याच्या मंडळीचे मराठी नाव होते भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी. शाळा, वसतिगृहे, दवाखाने असे काम या मिशनने केले. शिंदे अस्पृश्य वस्तीत राहिले, घरच्यांसह राबले, स्वजनांची निंदा सोसली. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेणे हा करंटेपणा ठरेल.

पण नावाकडे पाहा. निराश्रित म्हणजे ज्याला आश्रय नाही तो. या शब्दात पीडित दिसतो, पीडा देणारा दिसत नाही. आश्रय नाही, तर आश्रय देणारा कुणीतरी हवा, एवढाच अर्थ त्यातून निघतो. म्हणजे प्रश्न दयेचा होतो आणि उत्तरही दयेचेच होते.

आता दुसरे नाव पाहा. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी एक बैठक बोलावली. अस्पृश्यांच्या अडचणी सरकारपुढे मांडणारी मध्यवर्ती संस्था काढावी, असे तिथे ठरले. त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. बहिष्कृत म्हणजे ज्याच्यावर बहिष्कार टाकला गेला तो. हा शब्द उच्चारताच पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. बहिष्कार कुणी टाकला? कोणत्या अधिकाराने टाकला? तो उठवायचा कसा? निराश्रिताला मदत लागते. बहिष्कृताला मदत लागतेच, पण त्याआधी न्याय लागतो.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. तीन वर्षांनी बाबासाहेबांनी काढलेल्या पाक्षिकाचे नावही ‘बहिष्कृत भारत’ होते. ‘मूकनायक’पासून ‘बहिष्कृत भारत’पर्यंत बाबासाहेबांच्या नावांत एक सलग विचार दिसतो: आपली स्थिती नैसर्गिक नाही, ती कुणीतरी केलेली आहे.

सभेची रचनाही अभ्यासण्यासारखी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत मेयर निसिम, रुस्तमजी जिनवाला, रँग्लर र. पु. परांजपे, बाळासाहेब खेर अशी नामवंत मंडळी. म्हणजे ज्यू, पारशी, सवर्ण हिंदू असे सगळे सहानुभूतीदार वर दिसतात. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार नि. तु. जाधव. कारभार आपल्या हाती आणि शुभेच्छा सगळ्यांच्या, अशी ही मांडणी होती. शिवतरकर चर्मकार समाजातले होते, हेही लक्षात ठेवावे. एका जातीची संस्था काढणे हा बाबासाहेबांचा हेतू नव्हता.

आज एखादा उद्योगसमूह सामाजिक दायित्वाच्या निधीतून आपल्या वस्तीत काम करायला येतो, तेव्हा पाटी कुणाची, निर्णय कुणाचा आणि हिशेब कुणाच्या हाती, हे तीन प्रश्न आपण विचारतो का? १९२४ ची सभा ते प्रश्न सोडवून बसली होती.

सभेने केले काय?

सभेची उद्दिष्टे अगदी जमिनीवरची होती. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे. वाचनालये, शिक्षणवर्ग, अभ्यासमंडळे काढून वैचारिक जागृती करणे. औद्योगिक व शेतकी शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारणे. आणि बहिष्कृतांच्या तक्रारी वेशीवर टांगणे. पहिली तीन उद्दिष्टे कोणत्याही सेवाभावी संस्थेच्या पत्रकात शोभतील अशी आहेत. चौथे मात्र तसे नाही. आमच्या मते सभेचा सगळा इतिहास म्हणजे पहिली तीन कामे चौथ्याला कशी जोडली गेली, याचा इतिहास आहे.

४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथल्या नगरपालिकेची मदत मिळवली. जिवाप्पा सुभा ऐदाळे यांनी ते सांभाळले. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा खर्च सभा करी. या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडले. आणि एक हॉकी क्लबही काढला.

हॉकी क्लब हा तपशील अनेकांना गमतीचा वाटतो. बाबासाहेब आणि हॉकी? पण त्या काळची गिरणगावातली चाळ डोळ्यांसमोर आणा. गिरणीतून, गोदीतून, रेल्वेतून थकून आलेला तरुण. दहा बाय दहाच्या खोलीत दहा माणसे. बाहेर दारूचा गुत्ता आणि जुगाराचा अड्डा. मैदानावर इतरांच्या संघात त्याला जागा नाही. बाळू पालवणकरांसारखा देशातला नामवंत गोलंदाज ज्या काळात जातीमुळे संघाच्या कर्णधारपदापासून दूर ठेवला गेला, तो हा काळ. तेव्हा आपल्या पोरांच्या हाती स्टिक देऊन त्यांना मैदानावर उतरवणे, वेळ पाळायला आणि एकमेकांवर विसंबायला शिकवणे, हे संघटन बांधण्याचेच काम होते. पुढे समता सैनिक दलाच्या तरुणांनी परिषदांचे मंडप सांभाळले, मोर्च्यांना शिस्त लावली. अशी शिस्त आधी मैदानात आणि वाचनालयातच अंगी येते, असे आम्हाला वाटते.

सभेचे ब्रीद होते शिका, चेतवा आणि संघटित व्हा. शिकणे पहिले आहे. पण ते तिथेच थांबलेले नाही. वसतिगृहातला मुलगा शिकून स्वतःची सोय लावून निघून जावा, एवढ्यासाठी हे वसतिगृह नव्हते.

वाचनालयातून काउन्सिलात, काउन्सिलातून तळ्यावर

आता १९२७ च्या मार्च महिन्यातल्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

१२ मार्च १९२७. बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलतात. सरकारचेच आकडे ते सरकारपुढे ठेवतात. प्राथमिक शिक्षणात पुढारलेल्या हिंदूंची हजारी ११९ मुले शिकत आहेत आणि मागासवर्गाची हजारी १८. महाविद्यालयात मागासवर्गाचे प्रमाण शून्य. हिशेब रोकडा होता. सरकार सगळ्यांकडून कर घेते आणि शिक्षण काही जणांनाच देते.

१९ आणि २० मार्च १९२७. महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. तिची तयारी गावोगाव पायपीट करून स्वयंसेवकांनी केली होती. परिषदेला आलेल्या हजारो लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे गावात होते. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव कायदेमंडळाने मंजूर केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. म्हणजे कागदावर हक्क होता आणि घशाला कोरड होती. २० मार्चला लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मग सर्वांनी घेतले. त्यानंतर विरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून मंडपात जेवत बसलेल्या लोकांवर हल्ला झाला.

इथे सेवा आणि हक्क यांतला फरक अगदी स्पष्ट दिसतो. चाळीस रुपयांचे पाणी आणणे ही सेवा होती. ती आवश्यक होती, कारण हजारो लोक तहानलेले ठेवून परिषद होत नाही. पण परिषदेने तेवढ्यावर समाधान मानले असते, तर पुढच्या वर्षी पुन्हा चाळीस रुपये आणि त्याच्या पुढच्या वर्षी पन्नास रुपये गोळा करावे लागले असते. पाणी विकणाऱ्याचा धंदा चालला असता आणि तळे त्यांचेच राहिले असते. तळ्यावर जाणे हा हक्क होता. आणि तो हक्क बजावायला जी माणसे रांगेत उभी राहिली, ती पाणी भरणाऱ्या, मंडप घालणाऱ्या, भाकरी बांधून आणणाऱ्या स्वयंसेवकांनीच गोळा केली होती. सेवेशिवाय ती रांग लागली नसती आणि हक्काशिवाय त्या सेवेला दिशा राहिली नसती. पुढे दहा वर्षे कोर्टात लढून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात हा लढा जिंकला गेला.

दुसरे उदाहरण सायमन कमिशनचे. २९ मे १९२८ ची तारीख असलेली निवेदने बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनेच बाबासाहेबांनी कमिशनला दिली. त्यातले एक मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणावर आहे. कंपनी सरकारच्या काळापासूनची सरकारी धोरणे त्यात तपासली आहेत. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाचे प्रकरणही त्यात आहे. ज्या संस्थेने चार वर्षांपूर्वी वाचनालय आणि वसतिगृह काढले, तीच संस्था आता साम्राज्याच्या कमिशनपुढे दस्तऐवज घेऊन उभी राहिली. वसतिगृह चालवणाऱ्याला पोरांच्या अडचणी आतून ठाऊक असतात. म्हणून त्याच्या निवेदनाला वजन येते.

ही परंपरा जोतीराव-सावित्रीबाईंची आहे. १८४८ पासून शाळा चालवणारे जोतीराव १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देतात आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगतात. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाज उपाशी मुलांसाठी अन्नछत्र उभारतो आणि तोच समाज भटशाहीला सवाल करतो. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांच्या सेवेला कुणी मलमपट्टी म्हणेल काय?

१९३२ चे पत्र

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पुणे करारानंतर, ३० सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईत पंडित मालवीयांच्या अध्यक्षतेखाली सभा होऊन अस्पृश्यतानिवारण लीग स्थापन झाली. तिलाच पुढे हरिजन सेवक संघ हे नाव मिळाले. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर. नावातच सेवक हा शब्द आला. आता सेवा करणारे वेगळे आणि सेवा घेणारे वेगळे, अशी रचना पक्की झाली.

गोलमेज परिषदेला बोटीने जात असताना, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, बाबासाहेबांनी ठक्करांना एक दीर्घ पत्र लिहिले. पुढे १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील आपल्या ग्रंथात त्यांनी ते छापले. आपल्या प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याने ते वाचले पाहिजे, इतके ते आजचे आहे.

पत्राचा गाभा असा. दलितांच्या उद्धाराचे दोन मार्ग मानले जातात. पहिल्या मार्गात माणसाच्या दुर्दशेचे कारण त्याच्या वागण्यातच शोधले जाते. तो दारू पितो, अस्वच्छ राहतो, शिकत नाही, म्हणून तो मागे आहे. मग त्याला सुधारण्यासाठी दारूबंदी, व्यायामशाळा, सहकार, वाचनालये, शाळा. दुसऱ्या मार्गात त्याच्या भोवतालच्या परिस्थितीकडे पाहिले जाते. परिस्थितीच अन्यायाची असेल तर काही व्यक्ती सुधारून संपूर्ण वर्ग वर येत नाही. म्हणून लीगने दुसरा मार्ग धरावा, असे बाबासाहेबांनी सांगितले.

पुढे कार्यक्रमही दिला. पहिले, नागरी हक्कांची मोहीम: विहिरी, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने सर्वांना खुली करणे, आणि त्यासाठी खेड्यापाड्यांत लढणाऱ्या कार्यकर्त्यांची फौज उभी करणे. दुसरे, समान संधी: गिरण्यांतल्या विणकाम खात्यासारख्या जास्त पगाराच्या कामांतून अस्पृश्यांना दूर ठेवले जाते, ते थांबवणे. तिसरे, सामाजिक व्यवहार: सवर्णांनी अस्पृश्यांना आपल्या घरात पाहुणा म्हणून, नोकर म्हणून प्रवेश देणे. आणि हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्यावेत, कारण ते हे काम प्रेमाने करतील. नुसत्या उपदेशापेक्षा चवदार तळे, काळाराम आणि गुरुवायूर येथील थेट लढ्यांनी हिंदू समाजाला जास्त हलवले, हेही त्यांनी लिहिले.

या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, अशी नोंद बाबासाहेबांनी पुढे केली. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, या प्रश्नावर गांधीजींचे म्हणणे असे पडले की हे सवर्णांच्या प्रायश्चित्ताचे काम आहे, म्हणून ते सवर्णांनीच चालवायचे. विचार करा. प्रायश्चित्त त्यांचे, पैसा त्यांचा, समिती त्यांची. आपण कोण? त्यांच्या पुण्याचे साधन.

मग वाचनालय चूक होते का?

इथे एखादा चिकित्सक वाचक आम्हाला अडवेल. तो म्हणेल, १९२४ साली बाबासाहेबांनी स्वतः वाचनालय आणि हॉकी क्लब काढला, आणि १९३२ साली वाचनालय-व्यायामशाळेच्या कार्यक्रमाला त्यांनीच दुय्यम ठरवले. ही विसंगती नाही काय?

प्रश्न रास्त आहे. पण दोन्हीकडे काम तेच दिसत असले तरी तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, मालकी. सभेचे वाचनालय आपल्या माणसांनी आपल्यासाठी चालवले. लीगमध्ये आपण केवळ लाभार्थी होतो. जो नेहमी घेणाराच राहतो, त्याला देणाऱ्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही.

दुसरी, निदान. सभेला ठाऊक होते की पोरगा शिकत नाही तो आळशी म्हणून नव्हे, तर शाळेचे दार बंद म्हणून. वसतिगृह हा त्या बंद दाराला वळसा होता आणि कायदेमंडळातले भाषण हा त्या दारावरचा घाव. लीगच्या कार्यक्रमात मात्र रोग्यालाच रोगाचे कारण ठरवले होते.

तिसरी, पुढचे पाऊल. सभेचे प्रत्येक काम पुढच्या मागणीकडे नेत होते. लीगचे काम त्या मागणीच्या जागी येऊन बसत होते. विहीर खुली करा म्हणावे, तर ते तुम्हाला वेगळी विहीर खोदून देतात. शाळेत बसू द्या म्हणावे, तर वेगळी शाळा काढतात. वेगळ्या विहिरीचे पाणी गोड असेल, पण ती विहीर बहिष्कार कायम करते.

म्हणजे प्रश्न वाचनालयाचा नाहीच. ते कुणाचे आहे, कोणत्या समजुतीवर उभे आहे आणि ते आपल्याला कुठे घेऊन जाते, हा प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा अनुभवही हेच सांगतो. ज्या ब्लॅक पँथर पक्षापासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या पक्षाने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. पुढे दवाखाने काढले, सिकलसेल आजाराच्या तपासण्या केल्या. बंदुकीच्या फोटोंसाठी गाजलेला हा पक्ष रोज पहाटे उठून पोरांसाठी नाश्ता शिजवत होता. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेला हा नाश्ताही धोकादायक वाटला. का? कारण तो खाणारा मूल विचारू लागले की श्रीमंत देशात आपण उपाशी का? तसे प्रश्न उपजवणारा नाश्ता व्यवस्थेला कधीच आवडत नाही.

आजच्या मंडळांनी काय करावे?

आता आपल्या वस्तीत येऊ. आमचे म्हणणे वह्या वाटू नका असे अजिबात नाही. वाटा, जरूर वाटा. पण वही ही सुरुवात धरा.

वह्यावाटपाला आलेल्या प्रत्येक मुलाची एक नोंदवही करा. तो कोणत्या शाळेत जातो? त्याची शिष्यवृत्ती आली का? जातीचा दाखला, जात पडताळणी अडली आहे का? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. ती कुणाची मेहरबानी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच्या काळातले ते फळ आहे. पन्नास मुलांची रक्कम अडकली असेल, तर पन्नास अर्ज एका दिवशी समाजकल्याण कार्यालयात गेले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज. एका वहीची किंमत काही रुपये, पण तिच्यातून उभी राहिलेली यादी कार्यालय हलवू शकते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या आहेत. आपल्या वस्तीतली किती पालकमंडळी तो अर्ज भरतात? मंडळाच्या अभ्यासिकेत एक संगणक आणि एक जाणता कार्यकर्ता त्या आठवड्यात बसला, तरी दहा घरांचे चित्र बदलेल.

आरोग्य शिबिर घेता, चांगले आहे. पण शिबिराला आलेल्या बायांना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असतो का, औषध मिळते का? एका दिवसाच्या शिबिराने ३६५ दिवसांचा दवाखाना उभा राहत नाही. शिबिराच्या नोंदींवरून निवेदन तयार करा आणि ते जिल्हा परिषदेपर्यंत न्या.

सफाई कामगारांचा सत्कार करता, हार घालता. त्या हाराबरोबर त्यांना २०१३ चा कायदा समजावून सांगा. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे गुन्हा आहे, हे त्यांना आणि त्यांच्या ठेकेदारालाही कळू द्या. हातमोजे वाटणे ही सेवा झाली. गटारात न उतरण्याचा हक्क बजावणे ही चळवळ झाली. दोन्ही एकाच दिवशी करता येते.

अत्याचाराची घटना घडली की आपण धावतो. पण १९८९ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. ती होते का, हे वर्षभर शांतपणे तपासत राहणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात आपल्याकडे असला पाहिजे. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. सोलापूरच्या वसतिगृहातल्या भाकरीलाही टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

आणि एक गोष्ट घरातली. आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीत बाया किती? खिचडी शिजवायला, रांगोळी काढायला त्या पुढे आणि हिशेबाच्या वहीवर सही करायला फक्त पुरुष, हे चित्र असेल तर आपणही सेवा करणारे आणि कारभार करणारे अशी फाळणी केलीच. १९४२ च्या जुलैत नागपूरला झालेल्या परिषदेबरोबर स्वतंत्र महिला परिषद भरली होती आणि सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. ऐंशी वर्षांपूर्वीचे हे पाऊल आज मागे पडता कामा नये.

पोट आधी की हक्क आधी?

शेवटी एक आक्षेप उरतो. काही मंडळी म्हणतात, हे सगळे ठीक आहे, पण ज्याच्या घरात आज चूल पेटली नाही, त्याला कायदा काय सांगता? आधी पोट, मग हक्क.

आम्ही म्हणतो, आधी पोट हे मान्य. पण कुणाचे पोट का रिकामे आहे, हे विचारायला पोट पूर्ण भरेपर्यंत थांबायचे नसते. महाडला लोक तहानलेले असतानाच तळ्यावर गेले. तहान भागल्यावर कोण तळ्यावर जातो? आणि उलट, उपाशी माणसाला फक्त घोषणा द्यायला लावणारी चळवळही त्याची नाही. परिषदेच्या मंडपात पाणी होते, भाकरी होती, म्हणून हजारो लोक दोन दिवस टिकले. घागर आणि हक्क या दोन्ही गोष्टी त्या एकाच रांगेत होत्या.

बहिष्कृत हितकारिणी सभा १९२८ मध्ये विसर्जित झाली. चारच वर्षांचे आयुष्य. तिचे शिक्षणाचे काम नव्या संस्थेने उचलले. तो धागा पुढे १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय इथपर्यंत गेला. संस्था टिकवण्यासाठी संस्था नव्हती. काम पुढच्या पायरीवर गेले की जुनी पायरी सोडायला बाबासाहेब कचरले नाहीत. आपल्या मंडळांच्या पाट्यांवरून, अध्यक्षपदांवरून, एकाच वस्तीत होणाऱ्या तीन-तीन जयंत्यांवरून जे भांडण होते, त्यांनी या चार वर्षांकडे जरूर पाहावे.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दलची व्यथा बोलून दाखवली. शिकलेले लोक समाजाची सेवा करतील ही आशा त्यांनी धरली होती आणि ती पुरी झाली नाही, असे त्यांचे दुःख होते. ती सेवा म्हणजे वर्षातून एकदा पावती फाडणे नव्हे, आणि बक्षीस समारंभात हार घालून घेणे तर नव्हेच. आपल्या शिक्षणाने मिळालेली अक्कल, ओळख आणि वेळ हे तिन्ही ज्याच्याकडे नाही त्याच्या बाजूला नेऊन ठेवणे, ही ती सेवा.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, येत्या जूनमध्ये वह्या वाटाल तेव्हा शेवटचे पान कोरे सोडू नका. त्यावर तुमच्या मंडळाचा फोन, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आणि तक्रार कुठे करायची त्या कार्यालयाचा पत्ता छापा. आणि मुदत संपायच्या आत त्या पोराच्या घरी एकदा जाऊन या.

जय भीम! जय संविधान!